इंजिनाजवळील निष्कास गळती

इंजिनाजवळील निष्कास गळती म्हणजे मोटारगाडीच्या अंतर्ज्वलन इंजिनात इंधन जळाल्यावर निर्माण होणारे वायू गाडीच्या मागील नळीपर्यंत न पोहोचता इंजिनालगतच्याच एखाद्या सांध्यातून, तड्यातून वा छिद्रातून बाहेर पडणे होय. बोलभाषेत या दोषाला सरसकट ‘सायलेन्सर फुटला’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात सायलेन्सर गाडीच्या मागील भागात असतो आणि तो फुटल्यास मोठा आवाज होण्यापलीकडे सहसा फारसे बिघडत नाही. इंजिनाजवळची गळती मात्र आवाजाने लहान आणि परिणामाने मोठी असते. येथून निसटणारा वायू शुद्धीकरण न झालेला, अतितप्त आणि कार्बन मोनॉक्साइडयुक्त असतो, आणि प्रवाशांच्या बैठकीत हवा घेणारी जाळी त्याच्यापासून हातभर अंतरावरच असते.

मार्गाची रचना

सिलिंडरात इंधन जळल्यावर निष्कास झडप उघडते आणि तप्त वायू सिलिंडर हेडमधील तोंडातून मॅनिफोल्डमध्ये येतो. मॅनिफोल्ड म्हणजे प्रत्येक सिलिंडरची वेगळी शाखा एका नळीत आणून मिळवणारा भाग. जुन्या गाड्यांत, ट्रॅक्टरांत व बहुतेक डिझेल गाड्यांत तो बिडाचा असतो. अलीकडील अनेक पेट्रोल गाड्यांत गंजरोधी पोलादाच्या नळ्या जोडून तो बनवतात. हेड व मॅनिफोल्ड यांच्या मध्ये गॅस्केट असते. गॅरेजमध्ये त्यालाच ‘पॅकिंग’ म्हणतात. मॅनिफोल्ड हेडमध्ये रोवलेल्या स्टडवर नटांनी आवळलेला असतो. त्यापुढे, गाडीच्या रचनेप्रमाणे, टर्बोचार्जर, ऑक्सिजन संवेदक, उत्प्रेरक परिवर्तक (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर), जाळीदार लवचीक नळी आणि शेवटी सायलेन्सर येतो.

भारतात मुंबईसह चार महानगरांत १ एप्रिल १९९५ पासून नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक आवश्यक करण्यात आला. पुढे भारत स्टेज मानके कडक होत गेली. भारत स्टेज चार १ एप्रिल २०१७ पासून, तर भारत स्टेज सहा १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले. परिवर्तक लवकर तापावा म्हणून तो क्रमाक्रमाने इंजिनाच्या जवळ सरकत गेला आणि आता अनेक गाड्यांत मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो. त्यामुळे पूर्वी मेकॅनिकला समोर दिसणारा सांधा आज पत्र्याच्या उष्णतारोधक आवरणाखाली दडलेला असतो. आवरण काढल्याशिवाय केलेली तपासणी अपुरी समजावी.

गळती का होते

मूळ कारण उष्णतेने होणारे प्रसरण हे आहे. पेट्रोल इंजिनातील निष्कास वायूचे तापमान पूर्ण भाराखाली ७०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. डिझेल इंजिनात ते त्याहून कमी असते. दर सुरुवातीला मॅनिफोल्ड थंड असतो, काही मिनिटांत तापतो आणि गाडी थांबली की पुन्हा निवतो.

विद्यार्थ्यांना हे एका सोप्या गणिताने पडताळता येईल. बिडाचा रेषीय प्रसरणांक दर अंशाला सुमारे ०.००००११ असतो. चार सिलिंडरांचा ४० सेंटिमीटर लांबीचा मॅनिफोल्ड ५०० अंशांनी तापला तर त्याची लांबी ४०० × ०.००००११ × ५००, म्हणजे २.२ मिलिमीटरने वाढते. ज्या हेडला तो आवळलेला आहे ते ॲल्युमिनियमचे असेल तर त्याचा प्रसरणांक सुमारे दुप्पट, ०.००००२३, आहे. पण आतून शीतक पाणी खेळत असल्याने हेड फार तर ८० अंशांनी तापते. त्याची वाढ ४०० × ०.००००२३ × ८०, म्हणजे सुमारे ०.७ मिलिमीटर भरते. उरलेला दीड मिलिमीटरचा फरक कोठेतरी सामावला पाहिजे. यासाठीच मॅनिफोल्डमधील स्टडची भोके किंचित मोठी ठेवतात व गॅस्केटवर त्याला सरकू देतात. नट गरजेपेक्षा जास्त आवळले, किंवा गंजामुळे सरकणे थांबले, की ताण स्टडवर येतो. मधला स्टड जवळजवळ जागेवर राहतो, टोकांचे सर्वाधिक ओढले जातात. पहिल्या व शेवटच्या सिलिंडरजवळचा स्टड बहुधा आधी का तुटतो, याचे उत्तर या दीड मिलिमीटरमध्ये आहे.

इतर कारणे थोडक्यात अशी: बिडाला शाखांच्या बेचक्यात जाणारे तडे, वाकलेला मॅनिफोल्ड, जळालेले गॅस्केट, ऑक्सिजन संवेदकाचे सैल आटे, निष्कास पुनर्भ्रमण नळीचा सांधा आणि इंजिनाखालील लवचीक नळीची उसवलेली जाळी. तापलेल्या मॅनिफोल्डवर पाण्याचा फवारा मारल्यानेही तडा जाऊ शकतो. लांब प्रवासाहून येताच बॉनेट उघडून गाडी धुण्याची सवय त्या दृष्टीने वाईट आहे. इंजिनाला धरून ठेवणारे रबरी आधार खचले असतील तर इंजिन अधिक हेलकावते आणि तो झोका लवचीक नळीवर येतो. अशा वेळी केवळ नळी बदलल्यास नवीही लवकर उसवते.

आरोग्याला असलेला धोका

कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाही, वास नाही. धुराचा वास येतो तो त्याच्यासोबतच्या इतर द्रव्यांचा. म्हणून वास येत नाही, तेव्हा धोका नाही, हा समज चुकीचा आहे. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूशी २०० ते २५० पट अधिक आसक्तीने संयोग पावते. हवेत तो थोडा असला तरी तासाभराच्या प्रवासात रक्तात साठत जातो.

भारताच्या २००९ च्या राष्ट्रीय परिसर वायू गुणवत्ता मानकांनुसार आठ तासांच्या सरासरीत घनमीटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे दशलक्ष भागांत दोन भागांहूनही कमी, ही मर्यादा आहे. तुलनेसाठी, परिवर्तकापूर्वीच्या पेट्रोल निष्कासात कार्बन मोनॉक्साइड अर्धा टक्का असला तरी ते प्रमाण दशलक्षात ५,००० भाग होते. इंजिन थंड असताना मिश्रणात इंधन जास्त असते आणि परिवर्तकही अजून कामाला लागलेला नसतो, त्यामुळे सुरुवातीची काही मिनिटे सर्वांत वाईट. हवेत दशलक्षात २०० भाग असले तर दोन-तीन तासांत डोकेदुखी, गरगरणे व मळमळ सुरू होते. प्रमाण काही हजारांवर गेले तर मिनिटांत शुद्ध हरपते. डिझेल इंजिनात हवा भरपूर असल्याने हा वायू कमी तयार होतो. पण काजळी व नायट्रोजनची ऑक्साइडे असल्याने तेथील गळतीही निरुपद्रवी नव्हे.

बहुतेक मोटारींत बैठकीसाठीची ताजी हवा पुढील काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून आत घेतली जाते. ही जाळी बॉनेटच्या मागील कडेला लागूनच असते. गाडी उभी असून इंजिन चालू असते, तेव्हा बॉनेटखाली साठलेला वायू या वाटेने आत शिरतो. वातानुकूलन यंत्र ‘आतील हवा फिरवणे’ या स्थितीत ठेवल्याने प्रवेश कमी होतो, बंद होत नाही. डॅशबोर्डमागील पत्र्याच्या भिंतीतून वायरी व नळ्या जेथे आत येतात तेथील रबरी बुचे जुनी होऊन आक्रसलेली असतात.

आपल्याकडे या विषबाधेची सुरुवातीची लक्षणे सहज दुर्लक्षित होतात, कारण ‘गाडी लागली’ हे तयार उत्तर सर्वांच्या ओठांवर असते. मागच्या बाकावरील मूल ओकते, आजीचे डोके धरते, तिच्या हातात आवळासुपारी किंवा लिंबू दिले जाते आणि थंडी म्हणून काचा वरच राहतात. दोहोंतील फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. गाडी लागणे घाटात, वळणांवर, खाचखळग्यांत वाढते आणि चालकाला सहसा होत नाही. विषबाधेत सरळ रस्त्यावरही त्रास होतो, एकाच वेळी अनेकांना होतो, चालकालाही जडपणा व गुंगी येते, आणि खाली उतरून मोकळ्या हवेत थोडा वेळ थांबले की बरे वाटून पुन्हा गाडीत बसताच त्रास परततो. लहान मुले, गर्भवती स्त्रिया व हृदयविकार असलेले लोक यांना धोका अधिक असतो.

अशी शंका आल्यास इंजिन बंद करून सर्वांना बाहेर काढावे. कोणी बेशुद्ध असेल, गोंधळलेला असेल वा छातीत दुखत असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णालयात उपचार म्हणून शुद्ध ऑक्सिजन देतात. साध्या हवेत रक्तातील या वायूचे प्रमाण निम्मे होण्यास चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर ते साधारण तास-दीड तासावर येते. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर येथे फसवा ठरतो. त्याला ऑक्सिजनयुक्त व कार्बन मोनॉक्साइडयुक्त हिमोग्लोबिन यांतील फरक ओळखता येत नाही, आणि तो ९८ टक्के दाखवत असतानाही माणूस गंभीर असू शकतो. म्हणून ‘गाडीत असताना त्रास झाला’ ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

इंजिनावर होणारे परिणाम

निष्कास वायू सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने येतो. दाबाच्या प्रत्येक लाटेमागे कमी दाबाची लाट असते, आणि त्या क्षणी फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. गळती ऑक्सिजन संवेदकाच्या आधी असेल तर ही हवा त्याच्यापर्यंत पोहोचते. मिश्रणात इंधन कमी पडते आहे असा संगणकाचा समज होतो व तो इंधन वाढवतो. परिणामी गाडी पेट्रोल जास्त पिते, परिवर्तक जादा तापतो आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागू शकतो. संगणकातून ‘मिश्रण विरळ’ असा पी०१७१ हा संकेत मिळाल्यावर पुष्कळदा संवेदकच बदलला जातो. तो निर्दोष असतो. त्याने आपल्यापुढे आलेली हवा मोजली, इतकेच.

टर्बोचार्जर असलेल्या गाडीत गळती टर्बोच्या आधी असेल तर त्याला फिरवणारा दाब वाया जातो. चढावर गाडी ओढत नाही आणि मागून काळा धूर येतो. शिवाय फटीतून येणारा तप्त झोत जवळची वायर, रबरी नळी वा प्लॅस्टिकची टाकी भाजतो. तेलगळतीही असेल तर आगीचा धोका संभवतो.

निदान

निदानाचे पहिले साधन कान. इंजिन रात्रभर निवलेले असताना सकाळी ते सुरू करून बॉनेट उघडे ठेवावे. गळती असल्यास टिक-टिक किंवा फुस-फुस असा तालबद्ध आवाज येतो व वेग वाढवल्यास तो दाट होतो. मॅनिफोल्ड तापून फुगला की लहान फट मिटते आणि पाच-दहा मिनिटांत आवाज कमी होतो वा थांबतो. गॅरेजपर्यंत गाडी नेईस्तोवर ती गरम झालेली असते आणि मग मेकॅनिकला काहीच ऐकू येत नाही. यावर उपाय एकच: गाडी रात्री त्याच्याकडे ठेवावी आणि सकाळी पहिल्यांदा त्याच्यासमोरच सुरू करावी.

या आवाजाची गल्लत टॅपेटच्या आवाजाशी होते, आणि तालावरून दोन्ही वेगळे करता येत नाहीत. चार धावांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरची निष्कास झडप भुजादंडाच्या दोन फेऱ्यांत एकदा उघडते. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर एका सिलिंडरजवळच्या गळतीचे मिनिटाला ४००, म्हणजे सेकंदाला सुमारे सात ठोके पडतात. टॅपेटचा तालही नेमका हाच असतो. भेद करायचा तो भारावरून. वातानुकूलन यंत्र सुरू केले किंवा चढावर जोर दिला की निष्कास गळतीचा आवाज ठळक होतो. टॅपेटच्या आवाजात विशेष फरक पडत नाही. दुसरी खूण अशी की संशयित सिलिंडरच्या इंधन फवारकाची जोडणी काही सेकंद काढल्यास गळतीचा ठोका नाहीसा होतो किंवा मंदावतो, टॅपेट मात्र वाजतच राहतो. परिवर्तक असलेल्या गाडीत त्याऐवजी प्लगची ठिणगी तोडू नये. न जळलेले पेट्रोल परिवर्तकात जाऊन तो खराब होतो.

नेमकी जागा शोधण्यासाठी रबरी नळीचा मीटरभर तुकडा घेऊन एक टोक कानाजवळ धरावे व दुसरे सांध्यालगत फिरवावे. फुसफुस अचानक मोठी होते ती जागा. नळी पंख्यापासून व पट्ट्यापासून दूर ठेवावी. सैल बाह्यांचा सदरा, उपरणे, ओढणी अशा वेळी अंगावर असू नये.

इंजिन पूर्ण निवल्यावर डोळ्यांनी तपासणी करता येते. उष्णतारोधक पत्रा काढून विजेरीच्या उजेडात सांध्याची कड न्याहाळावी. गळतीच्या जागी काजळीचा पंख्यासारखा पसरलेला डाग दिसतो. पेट्रोल गाडीत तो करडा वा पांढुरकाही असू शकतो. खालची बाजू दिसत नसल्यास लहान आरसा उपयोगी पडतो. नट एकेक हाताने हलवून पाहावा. स्टड आतल्या आत तुटलेला असेल तर नट जागेवर दिसूनही बोटाने फिरतो.

गळती लहान असेल तर पुढील दोन परीक्षा उपयोगी पडतात. साबणपाण्याच्या परीक्षेत, इंजिन बंद व थंड असताना, मागील नळीच्या तोंडात व्हॅक्यूम क्लीनरची हवा बाहेर टाकणारी बाजू कापड गुंडाळून बसवतात व हलक्या दाबाने हवा भरतात. मग सांध्यांवर साबणाचे पाणी शिंपडले की गळतीवर बुडबुडे येतात. पंक्चर काढणाऱ्याची रीतच ही. एखादी निष्कास झडप उघडी राहिल्याने थोडी हवा इंजिनाकडे जाते, पण त्याने परीक्षा बिघडत नाही. दुसरी परीक्षा धुराची. उदबत्ती सांध्याजवळ फिरवली की तिच्या धुराची रेघ गळतीपाशी थरथरते वा फेकली जाते. ही परीक्षा करण्यापूर्वी पेट्रोलची गळती नाही व वास येत नाही याची खात्री करून घेतलीच पाहिजे, आणि गॅसवर चालणाऱ्या गाडीवर ती करूच नये. मोठ्या कार्यशाळांत यासाठी धूरयंत्र असते.

मागील नळीच्या तोंडावर जाड कापडाचा बोळा दोन-तीन सेकंद धरण्याची रीतही प्रचलित आहे. आतील दाब वाढतो आणि गळती मोठ्याने बोलू लागते. हात भाजण्याचा धोका असल्याने हे इंजिन नुकतेच सुरू केले असतानाच करावे. कोणतीही परीक्षा बंद गॅरेजात वा दार लावलेल्या पडवीत करू नये. दार अर्धे उघडे असणे पुरेसे नाही. गाडी अंगणात किंवा रस्त्याकडेला काढावी.

दुरुस्ती

सैल झालेले नट ठरलेल्या प्रमाणात आवळल्याने गळती थांबली तर उत्तम. पण फुटलेल्या गॅस्केटवर नट अधिकाधिक आवळत राहणे हा स्टड तोडण्याचा खात्रीचा मार्ग आहे. गॅस्केट बदलायचे असेल तर बॅटरीची ऋण तार काढून, इंजिन पूर्ण निवू देऊन काम सुरू करतात. गंजलेल्या नटांवर आदल्या संध्याकाळी गंजनाशक तेल सोडून ठेवावे. सकाळी नट सोडताना तो प्रथम किंचित आवळण्याच्या दिशेने, मग सोडण्याच्या दिशेने, असा मागेपुढे करत काढावा. एकदम जोर लावल्यास दोन रुपयांच्या नटापायी हेड उतरवण्याची वेळ येते.

तुटलेला स्टड काढणे हे या कामातील सर्वांत कौशल्याचे आणि वेळखाऊ काम आहे. थोटूक बाहेर असल्यास त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करतात. वेल्डिंगच्या उष्णतेने गंजाची पकडही सुटते आणि नटाला पाना लावून थोटूक फिरवता येते. थोटूक आत असल्यास नेमके मध्यभागी भोक पाडून उलट्या आट्यांच्या साधनाने ते काढतात. हे साधन अतिशय कठीण पोलादाचे असते, आणि तेच आत मोडले तर त्याला साधे ड्रिल लागत नाही. ॲल्युमिनियमच्या हेडमधील आटे गेले असतील तर भोक मोठे करून तारेच्या गुंडाळीचे नवे आटे, म्हणजे हेलिकॉईल, बसवतात. हे नीट केल्यास आटे मूळच्याइतके, किंबहुना अधिक मजबूत होतात.

मॅनिफोल्ड काढल्यावर त्याची बैठक सपाट आहे की नाही हे पाहणे अत्यावश्यक आहे आणि हीच पायरी घाईत गाळली जाते. सरळ पोलादी पट्टी सर्व तोंडांवर आडवी ठेवून फटीत फीलर गेज घालतात. किती वाक चालतो हे उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेले असते. बहुतेक ठिकाणी ते मिलिमीटरच्या दशांशाच्या आसपास असते. वाक अधिक असल्यास यंत्रशाळेत पृष्ठ समतल करून घ्यावे, अन्यथा नवे गॅस्केटही काही दिवसांत जळते. जुने गॅस्केट खरवडताना, विशेषतः जुन्या गाडीत, ते ॲस्बेस्टॉसचे असू शकते हे ध्यानात ठेवावे. ते कोरडे घासू नये, तारेच्या ब्रशाने वा हवेच्या झोताने धूळ उडवू नये. ओले करून बोथट पट्टीने काढावे आणि तोंडाला योग्य मुखवटा बांधावा.

नवे गॅस्केट कोरडेच बसवतात. तेलगळतीसाठी वापरतात ते सिलिकोन येथे लावू नये. मॅनिफोल्डच्या तापमानाला ते टिकत नाही, आणि त्याच्या वाफा ऑक्सिजन संवेदकाला बाधक ठरू शकतात. नट तांब्याचा लेप असलेले, शक्यतो नवे घ्यावेत. ते मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने आवळतात. आठ मिलिमीटरच्या स्टडला पुष्कळ गाड्यांत २० ते २५ न्यूटन-मीटर इतकाच आवळ सांगितलेला असतो, पण आपल्या गाडीची पुस्तिका पाहणे योग्य. शेवटी उष्णतारोधक पत्रा परत लावला पाहिजे. खडखडतो म्हणून तो काढून टाकलेल्या गाड्या सर्रास दिसतात. पत्रा नसला की जवळच्या वायरी भाजतात.

बिडाच्या मॅनिफोल्डचा तडा वेल्ड करता येतो, परंतु साध्या कांडीने नव्हे. बिडात कार्बन साधारण २ ते ४ टक्के असल्याने ते ठिसूळ असते आणि वेल्डिंगशेजारीच पुन्हा तडकते. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून त्याची वाढ रोखतात, तुकडा सर्व बाजूंनी तापवतात, निकेलयुक्त कांडीने थोडे थोडे वेल्डिंग करतात आणि मग तो राखेत किंवा कोरड्या वाळूत पुरून हळूहळू निवू देतात. एवढे करूनही आयुष्याची हमी देता येत नाही. नवा मॅनिफोल्ड मिळत असेल व परवडत असेल तर तोच बसवावा. लवचीक नळी उसवल्यास तेवढा भाग कापून नवा वेल्ड करतात. गाडीवर विजेचे वेल्डिंग करताना बॅटरीच्या तारा काढणे, वेल्डिंगची भूतार कामाच्या अगदी जवळ लावणे व इंधननळ्या ओल्या पोत्याने वा पत्र्याने झाकणे आवश्यक असते.

काम झाल्यावर पहिल्यांदा इंजिन तापते तेव्हा तेल व धूळ जळून थोडा धूर येतो. तो काही मिनिटांत थांबतो. दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड इंजिनावर, पुन्हा कान देऊन ऐकावे.

ग्रामीण भागातील स्थिती

बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा (तालुका सिंदखेड राजा) व परिसरासारख्या भागांत या दोषाला काही स्थानिक पैलू आहेत. काळ्या जमिनीवरील रस्ते पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात आक्रसतात आणि लाटांसारखे होतात. शेतरस्त्यांवरील दगड व गावोगावचे उंच गतिरोधक गाडीच्या पोटाला घासतात, त्याचा पहिला फटका लवचीक नळीला बसतो. ट्रॅक्टरची निष्कासनळी उभी व उघडी असते आणि चालक मोकळ्या हवेत बसतो, म्हणून ट्रॅक्टरवर ही गळती फारशी मनावर घेतली जात नाही. तीच सवय बंद मोटारीला लावणे घातक आहे. सोयाबीन काढणीनंतर कुटाराच्या ढिगाशेजारी किंवा वाळल्या गवतावर गाडी उभी करतानाही जपावे लागते, कारण तप्त परिवर्तक व गळतीचा झोत यांनी ते पेटू शकते.

ट्रॉल्या व शेतीची अवजारे जोडणाऱ्या कारागिराकडे लवचीक नळीचे वेल्डिंग उत्तम होऊ शकते. परंतु मॅनिफोल्ड समतल करण्यासाठी यंत्रशाळा असलेल्या मोठ्या गावी तो पाठवावा लागतो आणि त्यात एक-दोन दिवस मोडतात. हा वेळ वाचवण्यासाठी पत्र्याची पट्टी गुंडाळणे, घरगुती इपॉक्सी लांबी थापणे, दुहेरी गॅस्केट घालणे असे उपाय केले जातात. इपॉक्सी लांबी मॅनिफोल्डच्या तापमानापुढे काही क्षणही टिकत नाही. निष्कासासाठीची खास लांबी मागील नळीवर चालते, मॅनिफोल्डच्या सांध्यावर फार तर गॅरेजपर्यंत पोहोचवते. गळती असलेली गाडी चालवणे अपरिहार्यच असेल तर सर्व काचा उघड्या ठेवाव्यात, उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवू नये, मागचे दार अर्धवट उघडे ठेवू नये आणि लहान मुलांना तीत झोपू देऊ नये. महाराष्ट्रात लग्नसराईच्या दिवसांत अशाच गाड्यांतून रात्रभराचे प्रवास होतात, हे येथे नोंदवणे अप्रस्तुत ठरू नये.

कायदेशीर बाजू

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ धुराच्या मर्यादा ठरवतो व नियम १२० सायलेन्सर सक्तीचा करतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९०(२) नुसार हवा वा ध्वनी प्रदूषणाचे मानक मोडल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नव्या गाडीला पहिल्या वर्षानंतर प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र (पीयूसी) लागते.

भारत स्टेज चारच्या पेट्रोल मोटारीला मंद गतीवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. परंतु ही मोजणी मागील नळीच्या तोंडाशी होते. वाटेत निसटलेला वायू यंत्रापर्यंत येतच नाही. उलट गळतीतून आत शिरलेल्या हवेने नमुना पातळ होऊन मंद गतीवरील आकडा चांगला दिसू शकतो. वाढीव वेगावरील परीक्षेत हवा-इंधन गुणोत्तर दाखवणारा लॅम्डा हा आकडाही मोजतात व तो ०.९७ ते १.०३ यांच्या दरम्यान असावा लागतो. गळतीतून जादा हवा मिसळल्यास तो वर सरकतो, त्यामुळे मोठी गळती तेथे उघडकीस येऊ शकते. डिझेल गाड्यांच्या परीक्षेत केवळ धुराची घनता पाहतात, आणि तीतून इंजिनाजवळच्या गळतीचा पत्ता लागत नाही.